एका पायाखालची वीट

कीर्तनात पांडुरंगाच्या रूपाचे वर्णन आले की एका शब्दावर मी हमखास थांबत असे. तो शब्द म्हणजे समचरण. 45 वर्षे कीर्तनसेवा घडली. त्यात या एका शब्दावर किती वेळा अर्धा-अर्धा तास बोललो असेन, याचा हिशेब नाही. गोकुळात देव एका पायावर भार देऊन, दुसरा पाय आडवा टाकून, तीन ठिकाणी वाकून उभा राहिला. पंढरीस आला तो मात्र दोन्ही पाय जुळवून, कमरेवर हात ठेवून, सरळ उभा राहिला. असे का? तर येथे त्याला कोणा एकाकडे झुकायचे नव्हते. राजा आला तरी तसाच, रंक आला तरी तसाच. पाय सम आहेत म्हणून भाव सम आहे. एवढे सांगून मी हात वर करीत असे, मृदंगावर थाप पडत असे आणि मंडप विठ्ठलनामाने भरून जात असे.

त्या काळात माझेही दोन्ही पाय सारखे होते. आणि ते सारखे आहेत हे मला ठाऊकही नव्हते. जे सम असते त्याची आठवण कोणाला होत नाही.

यंदा मला 76 वे वर्ष लागले. 1968 साली आळंदीस जोग महाराजांच्या वारकरी शिक्षण संस्थेत गेलो, चार वर्षे राहिलो. माधुकरी मागून अन्न खाल्ले, पहाटे इंद्रायणीवर स्नान केले, ज्ञानेश्वरी आणि गाथ्याचे पाठ घेतले. तेव्हापासून शरीर म्हणजे सेवेचे एक साधन, एवढाच विचार होता. मृदंगाची काळजी घेतली, टाळांच्या दोऱ्या वेळोवेळी बदलल्या. पायांची चौकशी मात्र कधी केली नाही.

साधारण सत्तरीच्या आधीपासून उजव्या जांघेत कळ येऊ लागली. पुष्कळदा ती गुडघ्यात उतरे, म्हणून मी गुडघ्यालाच तेल लावीत राहिलो. वारीत दिवेघाट चढताना पूर्वी पुढच्या दिंडीचा टाळ ऐकून पाऊल पडत असे. आता प्रत्येक पाऊल मोजून टाकावे लागे. एक वर्ष सासवडास पोचलो तो ट्रॅक्टरवर बसून. पुढे मांडी घालणे अवघड झाले, मग पायात मोजा चढवणे अवघड झाले. शेवटी मुलाने एक्स-रे काढायला नेले. तेव्हा कळले की गुडघा बिचारा निर्दोष आहे. खुब्याचा सांधा झिजला आहे. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा जेथे वाटीत फिरतो, तेथील मऊ थर संपून हाडावर हाड घासत होते.

त्याच वर्षी कीर्तन थांबवले. नारळ घेऊन येणाऱ्यांना हात जोडून परत पाठवताना जीवावर येत असे. पण दोन तास एका जागी उभे राहण्याची ताकद उरली नव्हती, आणि बसून कीर्तन करणे आमच्या परंपरेत नाही.

कार्तिकी एकादशी झाल्यावर शस्त्रक्रिया ठरली. कमरेखालचे अंग बधिर करतात, माणूस जागाच असतो. मध्ये पडदा असतो, त्यामुळे दिसत काही नाही. पण ऐकू येते. सुताराच्या पडवीत बसल्यासारखे ठोकण्याचे आवाज येत होते. आपल्याच हाडावर घाव पडत आहेत आणि आपल्याला दुखत नाही, हा अनुभव विलक्षण आहे. देह वेगळा आणि मी वेगळा, हे मी आयुष्यभर लोकांना सांगितले; ते प्रत्ययाला आले ते या टेबलावर, आणि तेही जेमतेम दीड तास. औषधाचा अंमल उतरल्यावर देह आणि मी पुन्हा एकच झालो!

दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे केले. उभा राहिलो आणि पहिली गोष्ट कळली ती अशी, की उजवा पाय जमिनीला आधी लागला. डावा मागून आला. जणू एक पाय उंबऱ्यावर आणि एक अंगणात ठेवून उभा आहे. मी खाली पाहिले, फरशी सपाट होती.

घरी आल्यावर हे अधिकच जाणवू लागले. रात्री सगळे निजल्यावर वॉकर घेऊन मोरीकडे जायचो तेव्हा माझाच पदरव मला ऐकू यायचा. एक पाऊल जड, एक हलके. ज्याने जन्मभर तालावर पाऊल टाकले, पावली खेळताना ज्याची मात्रा चुकली नाही, त्याच्या कानाला ते सहन होत नसे. कोणाला सांगितले तर जो तो आपापला उपाय सांगे. एक जण म्हणाले, अमुक गावी हाड बसवणारे आहेत, ते पाय ओढून बरोबर करतात. दुसऱ्यांनी गरम तेलाने रगडायला सांगितले. आमच्या सुनेने दोघांनाही चहा देऊन वाटेला लावले, म्हणून मी वाचलो. नवा बसवलेला सांधा असा ओढला-मुरडला तर वाटीतून निखळू शकतो, हे मला नंतर कळले.

मनात राग होता. तो डॉक्टरांवर होता, हे कशाला लपवू? सहा आठवड्यांनी दाखवायला गेलो तेव्हा नमस्कार-चमत्कार होण्याआधीच मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, दुखणे घेतलेत त्याबद्दल उपकार आहेत, पण पाय लांब करून दिलात."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "महाराज, आडवे व्हा. आपण मोजू." त्यांनी फीत घेतली. कमरेच्या पुढच्या बाजूला हाडाचे टोक लागते, तेथून घोट्याच्या आतल्या उंचवट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले. उजवा साधारण एक सेंटिमीटर जास्त भरला. मग फितीचे टोक बेंबीवर ठेवले आणि तेथून दोन्ही घोटे मोजले. आता फरक अडीच सेंटिमीटर आला.

मी म्हणालो, "पाय तेच, फीत तीच, मग माप दोन कशी?"

त्यांनी समजावून सांगितले ते असे. सांधा झिजत होता तेव्हा माझा उजवा पाय वर्षानुवर्षे थोडा थोडा आखूड होत होता. मी त्याच्याबरोबर वाकत गेलो, कंबर कलती करीत गेलो, आणि त्या वाकडेपणालाच सरळ समजू लागलो. शस्त्रक्रियेत पाय जवळजवळ मूळ लांबीवर आला. इतकी वर्षे आखडलेले खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू एकदम ताणले गेले. ते आता कंबर उजवीकडे खाली ओढतात, म्हणून पाय आहे त्यापेक्षा अधिक लांब वाटतो. हा दीड सेंटिमीटर पायाचा नाही, ओढीचा आहे. स्नायू सैल झाले की तो बहुतेक जातो. उरला एक सेंटिमीटर, तो मात्र खरा आहे. "सांधा सैल ठेवला असता तर गोळा निसटण्याची भीती होती," ते म्हणाले. "घट्ट बसवताना तेवढी लांबी वाढली. वाढली नसती तर मलाही बरे वाटले असते."

त्यांच्या या शेवटच्या वाक्याने माझा राग उतरला. आपल्या हातून राहिलेले उणे जो सरळ सांगतो, त्याच्याशी भांडण कसले?

परत येताना गाडीत विचार करीत होतो. रज्जुसर्पाचा दृष्टान्त मी शेकडो वेळा दिला आहे. अंधारात दोरी पडलेली असते, माणसाला साप दिसतो. दिवा आणला की साप जातो. माझ्या अडीच सेंटिमीटरांत दीड सेंटिमीटर साप होता आणि एक सेंटिमीटर दोरी. पण दृष्टान्त सांगताना मी एक गोष्ट कधी बोललो नव्हतो. साप गेला तरी दोरी तेथेच राहते. व्यवहारात तिला ओलांडूनच पलीकडे जावे लागते.

डॉक्टरांनी बजावले होते की आत्ताच बुटात पट्टी घालू नका. आत्ता उंची दिली तर आखडलेले स्नायू तसेच राहतील. कंबर त्या वाकडेपणातच पक्की होईल. सहा महिने व्यायाम करा, मग पाहू. एवढेच सांगितले, की दुखणे वाढले, पायाला मुंग्या आल्या किंवा पाऊल उचलेना झाले तर मात्र वाट न पाहता लगेच यायचे.

व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी येऊ लागली. वय माझ्या नातीएवढे. काठी उजव्या पायासाठी असली तरी डाव्या हातात धरायची, हे तिने पहिल्या दिवशी शिकवले. कुशीवर निजून पाय वर उचलायचा, उभे राहून बाजूला न्यायचा, मागे न्यायचा. असे दहा-दहा वेळा. मी मनात एकेक नाम घेत मोजत असे. तिच्या लक्षात आले तेव्हा म्हणाली, "आजोबा, तुमची मोजणी फार सावकाश आहे, पण व्यायामाला तीच चांगली."

एके दिवशी ती वजनाचे दोन काटे घेऊन आली. दोन्ही शेजारी ठेवले आणि एकावर एक पाय ठेवून उभे राहायला सांगितले. माझे वजन 64 किलो. डाव्या काट्यावर 43 दिसले, उजव्यावर 21.

"आजोबा, आता डोळे मिटा. दोन्ही पायांवर सारखा भार आला असे वाटले की सांगा."

मी डोळे मिटले, विठ्ठलमूर्ती समोर आणली, दोन्ही पाय अगदी सम केले आणि म्हणालो, "झाले."

"आता बघा."

डोळे उघडले. डावीकडे 40, उजवीकडे 24.

माउली, मी खरोखर चपापलो. ज्या शब्दावर 45 वर्षे बोललो, तो शब्द माझ्या पायांना ठाऊक नव्हता. मला जे सम वाटत होते ते सम नव्हतेच. आणि या विषमतेला लांबी कारण नव्हती. एका सेंटिमीटरने सोळा किलोंचा फरक पडत नाही, असे ती मुलगी म्हणाली. "तुम्ही नव्या सांध्यावर विश्वास ठेवत नाही, आजोबा. तो तुमचा भार घ्यायला तयार आहे. तुम्हीच देत नाही."

मी हे घरात सांगितले तेव्हा आमच्या मंडळी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नवी सून आल्यासारखे करता आहात त्या पायाला. किल्ल्या द्यायच्या नाहीत, काम सांगायचे नाही, आणि वर म्हणायचे की ही आपल्यात मिसळत नाही."

त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे दोन काट्यांवर उभा राहू लागलो. आकडे फार हळू सरकले. 39 आणि 25. पंधरा दिवसांनी 37 आणि 27. जेवढा भार उजव्याला दिला, तेवढा तो मजबूत होत गेला; जेवढा मजबूत झाला, तेवढा देण्याचा धीर आला. चौथ्या महिन्यात एक दिवस 33 आणि 31 दिसले. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. रात्री मोरीकडे जाताना पावलांचा आवाज बदललेला ऐकू आला. पहिल्यासारखा नव्हे, पण ताल धरता येईल असा. स्नायू सैल झाले होते. दीड सेंटिमीटरांचा साप बहुतेक गेला होता.

आता जे लिहायचे ते जरा जड आहे. पण लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

वारकरी वारकऱ्याला भेटला की दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. लहान-थोर, गुरु-शिष्य, कोणी पाहत नाही. हा आपल्या संप्रदायाचा प्राण आहे. शस्त्रक्रियेनंतर मला वाकण्याची मनाई होती. खुब्यात काटकोनापेक्षा जास्त वाकायचे नाही, खाली बसायचे नाही, पायावर पाय टाकायचा नाही. उंच खुर्चीवर बसायचे. भेटायला माणसे येत, माझ्या पाया पडत. मी नुसते हात जोडत असे. पहिल्या आठवड्यात इतका संकोच झाला की कोणी आले म्हणजे मी डोळे मिटून घेई. महिन्याने संकोच कमी झाला. तीन महिन्यांनी, खरे सांगतो, त्याची सवय झाली. आणि सवयीत थोडी गोडीही आली.

पुढे डॉक्टरांनी हळूहळू वाकायला परवानगी दिली. उजवा पाय मागे न्यायचा, एका हाताने खुर्ची धरायची आणि सावकाश वाकायचे, हे त्या मुलीने शिकवूनही दिले. जमिनीवर पडलेला रुमाल मी तसा उचलू लागलो. पण माणूस आला की मात्र हात जोडूनच उभा राहत असे.

एका एकादशीला आमच्या गावच्या एक वृद्ध माळकरी बाई आल्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. कित्येक वर्षे माझ्या दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन चाललेल्या. त्यांनी भिंतीचा आधार घेतला, गुडघ्यावर हात ठेवून कशाबशा वाकल्या आणि माझ्या पायांना हात लावून कपाळी नेला. मी हात जोडले. त्या घटकाभर बसल्या, पायाची चौकशी केली आणि काठी टेकत निघून गेल्या.

रात्री झोप येईना. मला वाकता येत होते. दुपारी खाली पडलेला चष्मा मी वाकून घेतला होता. चष्म्यापुढे वाकलो, आणि माउलीपुढे वाकलो नाही! उजवा पाय एका सेंटिमीटरने लांब झाला म्हणून मी सहा महिने तक्रार करीत होतो. आणि त्याच सहा महिन्यांत मी स्वतः किती उंच झालो होतो, ते मोजायला फीत कोणी आणली नव्हती.

सकाळी काठी घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्या अंगणात शेंगा फोडीत होत्या. ओट्याचा कठडा धरला, पाय मागे नेला आणि वाकलो. पावलांपर्यंत हात पोचला नाही, नडगीपर्यंत पोचला. त्या एकदम उठू लागल्या, "अहो महाराज, पाय दुखेल." मी म्हणालो, "दुखू द्या. तुमचाही दुखतो." मग दोघेही हसलो. त्यानंतर मी कोणाचाही नमस्कार नुसत्या हातांनी परत केलेला नाही. ज्या दिवशी वाकणे जमत नाही त्या दिवशी समोरच्याला आधी सांगतो, की आज माझे कर्ज राहिले.

सहा महिन्यांनी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. या वेळी त्यांनी भिंतीजवळ उभे केले आणि डाव्या पायाखाली लाकडाची एक पातळ फळी सरकवली. मग दुसरी. मागून कमरेची दोन्ही हाडे बोटांनी चाचपत होते. कंबर एका रेषेत आली तेव्हा फळ्यांची जाडी बरोबर एक सेंटिमीटर होती. खरा फरक तेवढाच उरला होता. फितीने पहिल्या दिवशी सांगितला होता तेवढाच.

मी त्या फळ्यांवर उभा होतो आणि मला पुंडलीक आठवला. आई-वडिलांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने देवाला बसायला पाट दिला नाही, हाताशी होती ती वीट फेकली. देव त्या विटेवर अजून उभा आहे. विटेचे महत्त्व मी पुष्कळ सांगितले होते. पण खाली काही ठेवले म्हणजे उभे राहणे सोपे होते, हा साधा अर्थ कधी मनात आला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, पूर्ण एक सेंटिमीटर द्यायची गरज नाही. सात मिलिमीटर देऊ, बाकीचे शरीर सांभाळून घेईल. पट्टी डाव्या पायाला. हे ऐकून पादत्राणे करणारा कारागीर बुचकळ्यात पडला. "महाराज, दुखणे उजव्याचे आणि टाच डाव्याला?" मी त्याला सांगितले, "उजवा आता कापून लहान होणार नाही. मग चांगल्यानेच थोडे वर यावे." बोलून गेलो आणि माझे मलाच वाटले, प्रपंचातही असेच नाही का? घरात एकाचे काही वेडेवाकडे होऊन बसते, ते पुरते सुधारण्यासारखे नसते. तेव्हा ज्याचे काही चुकलेले नाही त्यालाच थोडी टाच उंच करावी लागते. तो म्हणू शकतो, माझा काय अपराध? आणि त्याचे खरेही असते. पण दोघांची कंबर एकच आहे.

बुटातली पट्टी छान झाली. पाठीत दुखत होते ते थांबले. अडचण वेगळीच निघाली. वारकऱ्याचे अर्धे आयुष्य अनवाणी जाते. देवळात, घरात, भजनात कोठे आले पादत्राण? कीर्तन सोडले असले तरी गावच्या देवळात संध्याकाळच्या हरिपाठाला मी टाळ घेऊन उभा राहतो. उभे राहून हरिपाठ पुरा होईपर्यंत डावा खुबा आणि कंबर भरून येई. गावच्या सुताराने सात मिलिमीटर जाडीची, पाऊल मावेल एवढी एक गुळगुळीत फळी करून दिली. पण विठोबासमोर आपणच विटेवर उभे राहायचे? लोक काय म्हणतील? म्हणून ती फळी मी खांबाजवळ सतरंजीखाली ठेवू लागलो. पाय बरोबर तेथेच ठेवायचा. कोणाला काही कळत नसे.

एका संध्याकाळी पावली रंगात आली होती. पुढची रांग मागे सरकली आणि एका पोराचा पाय सतरंजीखालच्या फळीला अडला. तो पडता पडता वाचला. पण टाळ थांबले, मृदंग थांबला. पोराने सतरंजी उचलली. "बाबा, हे काय?"

मी म्हणालो, "काही नाही."

मृदंगावर माझे जुने सोबती होते. 40 वर्षे त्यांनी माझ्या कीर्तनात साथ केली आहे. त्यांनी डाव्या पुडीवर हात ठेवला आणि म्हणाले, "महाराज, उजव्या पुडीला शाई असते, डावीला रोज कणीक लावतो. कणीक लावल्याशिवाय ती बोलत नाही. मी ती सगळ्यांसमोर लावतो. कधी पदराआड लावली का?"

मी फळी उचलली, सतरंजीच्या वर ठेवली आणि तीवर डावा पाय ठेवला. ते म्हणाले, "हं, आता बोलेल." आणि हरिपाठ जेथे थांबला होता तेथून पुढे सुरू झाला.

हल्ली तीच पोरे माझी फळी आधी मांडून ठेवतात. तिला त्यांनी वीट असे नाव दिले आहे. पहिल्यांदा मी कानांवर हात ठेवले. आता ठेवत नाही. जो पाय सरळ टेकत नाही त्याच्याखाली प्रेमाने जे सरकवले जाते, त्याला दुसरे कोणते नाव द्यावे?

आमच्या अभंगालाही चरणच असतात. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा. ज्ञानोबारायांच्या ओवीचाही चौथा चरण आखूड. गुरुजी मात्रा शिकवीत तेव्हा म्हणत, हा चौथा चरण घाईने ओढायचा नाही, त्याला त्याची जागा द्यायची. सातशे वर्षे महाराष्ट्र या चरणांवर चालत आला. चौथा लंगडा आहे असे कोणी म्हटल्याचे मी ऐकले नाही. आणि प्रत्यक्ष देवाच्या चरणांचे तरी काय? लक्षावधी कपाळे टेकून टेकून पंढरीच्या मूर्तीच्या चरणांची झीज झाली. 2020 साली पुन्हा वज्रलेप करावा लागला. जो चरण सेवेत आहे तो झिजायचाच.

तेव्हा समचरण या शब्दावर मला आज पुन्हा बोलायला उभे केले तर मी वेगळे बोलेन. सम म्हणजे सारख्या मापाचे नव्हे. सम म्हणजे दोघांवर सारखा भार, दोघांवर सारखा विश्वास. माप हे हाडांकडे असते. भार देणे आपल्याकडे असते. माझे पाय उरलेल्या आयुष्यात सारखे होणार नाहीत. पण काट्यावर ते आज 32 आणि 32 दाखवतात. रोज दाखवत नाहीत, अधूनमधून दाखवतात. ज्या दिवशी दाखवतात त्या दिवशी मी मंडळींना हाक मारून दाखवतो. त्या म्हणतात, "पाहिले. आता खाली उतरा, चहा निवतो आहे."

माझ्या वयाच्या पुष्कळ वारकऱ्यांचे खुबे आणि गुडघे आता बदलले जात आहेत. त्यांना एवढेच सांगणे, की उठल्याबरोबर पाय लांब वाटला तर घाबरू नका आणि कोणाला ओढायलाही देऊ नका. डॉक्टरांना विचारा, मोजून घ्या. किती खरे आणि किती भासाचे ते समजून घ्या. जे भासाचे आहे त्याला व्यायाम आणि धीर द्या. जे खरे आहे त्याच्याखाली त्यांनी सांगितलेली पट्टी ठेवा, आणि ती सतरंजीखाली लपवू नका.

गेल्या आषाढीला पालखीबरोबर चालणे झाले नाही. यापुढे होईल असेही नाही. मुलाने गाडीने वाखरीपर्यंत नेले. तेथून थोडे अंतर काठी घेऊन दिंडीच्या कडेने चाललो. शेजारून एक पोरगा पावली खेळत चालला होता. त्याने माझ्या पायांकडे पाहिले, एक मात्रा थांबला आणि आपले पाऊल माझ्या पावलाशी जुळवून घेतले. एक जड, एक हलके. एक जड, एक हलके. थोड्या वेळाने त्याच्या शेजारच्यानेही तसेच केले. ताल मोडला नाही.

राम कृष्ण हरी.